पायाची रक्तवाहिनी आणि भुलीचे दोन मार्ग



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर सर्जन होते आणि मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जो हिरवा पडदा असतो, त्याच्या पलीकडे ते उभे असत आणि अलीकडे, रुग्णाच्या डोक्याशी, माझ्यासारखं कुणीतरी. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा पडद्याच्या या दोन बाजू जिथे एकमेकींवर सगळ्यांत जास्त अवलंबून असतात, तोच विषय मी सुचवला. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबतात, त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्या वेळी भूल कमरेतून द्यावी, की फक्त पायाच्या नसांना द्यावी?

हा प्रश्न डॉक्टरांच्या परिषदेतला आहे, आमच्यापुढे कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण या सभागृहात अशी घरं नक्की असतील जिथे वडिलांच्या नाहीतर सासूबाईंच्या पायाचा अंगठा काळा पडला, आणि एका सकाळी कुणीतरी येऊन सांगितलं की रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करा, पाच दिवसांनी ऑपरेशन करू. ते पाच दिवस कशासाठी होते, ते खरंच हवे होते का, हे समजून घेण्याचा हक्क त्या घराला आहे. मला आज जे मुख्यतः सांगायचं आहे ते त्या पाच दिवसांबद्दलच आहे.

आधी हे रुग्ण कोण असतात ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांच्या पायाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं आतून जाड आणि अरुंद होत जातात. तंबाखू, बिडी, सिगारेट यांचा वाटा तेवढाच मोठा. शिवाय बर्गरचा आजार म्हणून एक वेगळाच प्रकार आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ साली न्यू यॉर्कमध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो तरुण धूम्रपान करणाऱ्यांना गाठतो आणि आपल्याकडे आजही दिसतो. सुरुवातीला चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं. पुढे बसल्याजागी दुखू लागतं. रात्री पाय सरळ ठेवून झोपता येत नाही, तो खाटेखाली लोंबत सोडला की थोडा आराम पडतो. मग जखम होते, ती भरत नाही आणि बोट काळं पडतं.

पण रक्तवाहिनीचा आजार पायापुरता थांबत नाही. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १००० रुग्णांच्या हृदयाची अँजिओग्राफी करण्यात आली होती. १९८४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. हृदयाच्या रोहिण्या अगदी निर्दोष असलेले रुग्ण त्यात निघाले फक्त ८ टक्के. तक्रार पायाची असली तरी भूलतज्ज्ञाला आधी हृदय पाहावं लागतं, ते यामुळे. अशा रुग्णाच्या फायलीत टूडी एकोचा अहवाल असतो, त्यात हृदयाचं पंपिंग ३०-३५ टक्के लिहिलेलं असतं, कधी जुना स्टेंट असतो, क्रिएटिनिन वाढलेलं असतं, आणि बिडीमुळे छाती घरघरत असते. पूर्ण भूल देऊन, घशात नळी घालून अशा माणसाला झोपवणं शक्य असतं, पण ते शक्यतो टाळावं असं आम्हा बहुतेकांना वाटतं. ती टाळायची म्हटलं की दोन वाटा उरतात.

पाटाचं पाणी अडवायचं तर ते मुखाशी अडवता येतं किंवा आपल्या वाफ्याच्या दाऱ्याशी. स्पायनल, म्हणजे कमरेतून दिलेली भूल, हे मुखाशी अडवणं. कंबर आणि दोन्ही पाय एकदम बधिर होतात. ब्लॉक म्हणजे दाऱ्याशी अडवणं. ज्या पायावर काम आहे त्याच्याच, आणि त्यातल्याही लागतील तेवढ्याच नसा बधिर करायच्या.

स्पायनलची हकिकत जर्मनीतल्या कील शहरापासून सुरू होते. कमरेतून सुई घालून मेंदूपाणी काढण्याची रीत क्विंक यांनी १८९१ साली तिथेच मांडली होती. कोकेनने डोळा बधिर होतो हे कार्ल कोलर यांनी १८८४ साली व्हिएन्नात दाखवलं होतं. या दोन गोष्टी ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जनने एकत्र आणल्या. १६ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांनी एका मजुराच्या कमरेतून कोकेन दिलं आणि त्याच्या घोट्याच्या क्षयाची शस्त्रक्रिया केली. तंत्र जन्मालाच आलं ते पायाच्या शस्त्रक्रियेसाठी. पुढे त्याच महिन्यात बिअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी ते एकमेकांवर करून पाहिलं. बिअर यांच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज तिच्यावर नीट बसेना, औषध सांडलं आणि मेंदूपाणी वाहून गेलं. मग त्यांनी हिल्डेब्रांटला सुई दिली, ती लागू पडली, आणि नडगीवर हातोडीचे घाव घालून तपासलं तरी त्याला दुखलं नाही. नंतर दोघांनाही त्रास झाला, आणि बिअर तर डोकेदुखीने कित्येक दिवस अंथरुणाला खिळले. स्पायनलनंतरची डोकेदुखी मेंदूपाणी झिरपल्याने होते हा तर्क त्यांनी स्वतःच्याच अनुभवावरून मांडला. आता सुया केसासारख्या बारीक आल्या आहेत, आणि वय वाढलं की ही डोकेदुखी तशीही कमी होते. आपल्या रुग्णांच्या बाबतीत तिची फार धास्ती घेण्याचं कारण नाही.

धास्ती असते ती लकव्याची. “कमरेत सुई दिल्यावर पाय गेले तर?” हा प्रश्न मला आजही नातेवाईक विचारतात. या भीतीला इतिहास आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या रुग्णालयात वूली आणि रो या दोन माणसांना एकाच दिवशी स्पायनल देण्यात आलं आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. १९५३ साली खटला उभा राहिला. औषधाच्या काचेच्या नळ्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवत, त्यांना न दिसणाऱ्या चिरा पडून फिनॉल आत गेलं असावं, असं न्यायालयात मानलं गेलं. पुढे १९९० साली दुसरा तर्क मांडला गेला, की सुया उकळायच्या भांड्यातला क्षार काढण्यासाठी वापरलेलं आम्ल त्यात राहून गेलं असावं. कारण यांपैकी कुठलंही असो, घात केला तो स्वच्छतेच्या सामग्रीने, पाठीतल्या त्या जागेने नव्हे. तरी ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं स्पायनल जवळपास अडगळीत पडलं. अमेरिकेत ड्रिप्स आणि व्हँडॅम यांनी १०,००० हून अधिक स्पायनलचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९५४ पासून निष्कर्ष छापले, तेव्हा विश्वास हळूहळू परत आला. पुढे ब्रिटनमधल्याच भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००९ साली देशभरातला हिशेब मांडला. ७ लाखांहून अधिक वेळा पाठीतून भूल दिली गेली होती, आणि कायमची इजा, सगळ्यांत वाईट अंदाज धरला तरी, लाखामागे ४ च्या आसपास निघाली. मी नातेवाइकांना हाच आकडा सांगते. धीर देण्यासाठी नुसतं “काही होत नाही” म्हणणं मला पटत नाही.

आता स्पायनल शरीरात काय करतं ते पाहू. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुबका मेंदूपाण्यात तरंगत असतो. तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून सुई आत जाते आणि साखरपाण्यामुळे जड केलेलं अर्धा टक्का ब्युपिव्हकेन अडीच-तीन मिलिलिटर दिलं जातं. एवढ्याशा औषधाने काही मिनिटांत दोन्ही पाय पूर्ण बधिर होतात. सर्जनला जांघेत, मांडीत, पोटरीत, दुसऱ्या पायातून शीर काढायला, कुठेही मोकळीक मिळते. इतकी खात्रीची आणि इतकी स्वस्त दुसरी भूल नाही. ज्याचा पाय रात्रभर ठणकतो आहे, त्याला टेबलाच्या कडेवर पाय खाली सोडून बसवलं की सुई देताना त्रासही होत नाही, कारण ती त्याची सवयीचीच बैठक असते.

पण वेदनेच्या धाग्यांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणारे धागेही बधिर होतात. कमरेखालच्या सगळ्या वाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साठतं, हृदयाकडे कमी परततं आणि रक्तदाब घसरतो. निरोगी माणूस हे सहज सोसतो. ज्याची महारोहिणीची झडप आकसलेली आहे किंवा ज्याचं हृदय आधीच जेमतेम चालतं आहे, त्याला ही घसरण महागात पडते. आपण सलाइन सोडतो, मेफेंटरमिन किंवा फिनाइलएफ्रिन देतो. सलाइन जास्त झालं तर भूल उतरल्यावर तेच पाणी कमजोर हृदयाला जड जातं. मात्र याच सैल पडण्याची दुसरी बाजूही आहे. वाहिन्या उघडल्याने पाय ऊबदार होतो आणि नव्याने जोडलेल्या बायपासमधून रक्त मोकळं वाहतं. फक्त हा फायदा स्पायनलचा एकट्याचा नाही, ब्लॉकनेही त्या पायापुरता तो मिळतो.

आता त्या पाच दिवसांकडे येते.

पाठीचा कणा हा हाडांचा बंद बोगदा आहे. सुईने आत एखादी बारीक शीर दुखावली तर एरवी रक्त आपोआप थांबतं. रक्त पातळ असेल तर ते साठत जातं, बोगद्यात पसरायला जागा नसते, आणि नसांवर दाब येतो. जुन्या अंदाजानुसार हे स्पायनलमध्ये सुमारे २ लाख २० हजारांत एकदा घडतं. मात्र रक्त पातळ करणारी औषधं चालू असली की हा धोका वाढतो. घडलं तर सुमारे आठ तासांच्या आत मणक्याची शस्त्रक्रिया करून दाब काढावा लागतो, नाहीतर पाय परत येण्याची आशा फार कमी. त्यातही भूल उतरलेली नाही म्हणून पाय हलत नाहीत, की आत रक्त साठलंय म्हणून, हे पहिल्या काही तासांत ओळखणं अवघड असतं. म्हणून नियम कडक आहेत. ॲस्पिरिन एकटं चालू असेल तर स्पायनल देता येतं. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं. रिव्हरॉक्सॅबनसारख्या गोळ्या तीन दिवस. पोटात टोचण्याची एनॉक्सापॅरिनची कमी मात्रा असेल तर बारा तास, पूर्ण मात्रा असेल तर चोवीस तास.

हे नियम बरोबर आहेत आणि ते मोडावेत असं मी मुळीच म्हणत नाही. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत तर मध्येच रक्त पातळ करणारं हेपॅरिन द्यावंच लागतं, त्यासाठीही शिस्त आहे. राव आणि एल-एटर यांनी १९८१ साली अशा ४०११ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यांच्या पाठीत नळी घालून नंतर हेपॅरिन दिलेलं होतं. एकालाही रक्त साठून लकवा झाला नाही. पण त्यामागे काटेकोरपणा होता. सुईतून रक्त आलं तर ते शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलत, आणि सुईनंतर सुमारे तासाभराने हेपॅरिन देत. सुई आणि हेपॅरिन यांच्यात किमान तासाचं अंतर ठेवण्याची शिस्त आजही पाळली जाते.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. समजा, सहा आठवड्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेले एक काका आहेत. शुगर अनियंत्रित, पंपिंग ३५ टक्के, पायाच्या दोन बोटांना गँगरीन, ताप सुरू झालेला. क्लोपिडोग्रेल त्यांचा स्टेंट उघडा ठेवून आहे. त्यांची फक्त दोन बोटं काढून जखम साफ करायची आहे. अशा वेळी “स्पायनलसाठी गोळी पाच दिवस बंद करा” असं सांगितलं जातं, तेव्हा काय होतं? स्टेंट बंद पडण्याचा धोका आपण स्वतःहून ओढवून घेतो आणि त्याच पाच दिवसांत पायातलं विष वर चढतं. एका सुईच्या सोयीसाठी हृदय आणि पाय दोन्ही पणाला लागतात. औषधाने ज्याला जिवंत ठेवलं आहे त्याचं औषध भुलीसाठी काढून घ्यायचं नाही, त्या औषधासह देता येईल अशी भूल शोधायची. माझ्या क्षेत्रातल्या तरुण डॉक्टरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण सवयीने हात स्पायनलच्या ट्रेकडेच जातो.

त्या काकांना काय द्यायचं? गुडघ्याच्या मागच्या खळग्यात सायटिक नस असते. खळग्याच्या घडीपासून साधारण पाच ते दहा सेंटिमीटर वर ती दोन शाखांत विभागते, एक पोटरी आणि तळव्याकडे, दुसरी नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागाकडे. पावलाची जवळजवळ सगळी संवेदना या दोघींकडे असते. अपवाद फक्त घोट्याच्या आतल्या बाजूचा, तो भाग सॅफेनस नावाच्या नसेकडे असतो, आणि ती येते मांडीतल्या फिमोरल नसेकडून. म्हणजे दोन सुया, एक गुडघ्यामागे आणि एक मांडीच्या आतल्या बाजूला. वीस-पंचवीस मिलिलिटर औषध पहिल्या जागी, दहाएक दुसऱ्या जागी. रक्तदाब जागचा हलत नाही. दुसरा पाय हलता राहतो, लघवी अडत नाही. ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन वापरलं तर बारा ते अठरा तास दुखत नाही. आणि क्लोपिडोग्रेल चालूच राहतं, कारण या जागा वरवरच्या आहेत. चुकून रक्त आलं तर बोटाने दाबून धरता येतं आणि आजूबाजूला पसरायला जागा असते.

सगळेच ब्लॉक असे नसतात हे लगेच सांगायला हवं. कमरेच्या स्नायूत खोलवर दिला जाणारा लंबर प्लेक्ससचा ब्लॉक मांडीचा बराच भाग बधिर करायला उपयोगी असतो, पण तिथे दाबून धरता येत नाही. त्याला स्पायनलचेच नियम लावायचे. “ब्लॉक आहे ना, मग गोळ्या चालतील” असं सरसकट धरणं घातक आहे.

नसेला भूल देण्याची कल्पना स्पायनलपेक्षाही जुनी. न्यू यॉर्कमध्ये हॉल्स्टेड आणि हॉल यांनी १८८४-८५ मध्ये कोकेनने नसा बधिर केल्या. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड कोकेनच्या आहारी गेले, आणि त्या महान सर्जनला त्याची झळ आयुष्यभर बसली. पुढे गॅस्टन लबात यांनी १९२२ साली या विद्येवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, सायटिक नस शोधण्याची त्यांची रीत अजून शिकवतात. पण शंभर वर्षं हे सगळं हाडांच्या खुणांवरून, अंदाजाने चाललं होतं. ज्याच्या हाताला येईल त्याला येईल. मग विजेच्या सूक्ष्म झटक्याने नस ओळखणारं यंत्र आलं. सुई नसेजवळ गेली की पाऊल हलतं. आणि १९९४ साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत खांद्याजवळच्या नसांना ब्लॉक दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर चित्र पालटलं. आता नस दिसते, शेजारची रोहिणी दिसते, सुईचं टोक दिसतं, औषध नसेभोवती पसरताना दिसतं.

आपल्या रुग्णांसाठी हे दिसणं विशेष गरजेचं आहे. मधुमेहाने नसा आधीच झिजलेल्या असतात. विजेच्या झटक्याला त्या नीट प्रतिसाद देत नाहीत, सुई नसेला टेकली तरी पाऊल हलत नाही. फक्त यंत्राच्या भरवशावर राहिलं तर सुई नसेच्या आत जाण्याचा धोका वाढतो. अशा नसेत औषधाचा अंमलही जास्त वेळ टिकतो. म्हणून ब्लॉकच्या आधी पायाला कुठे संवेदना आहे, कुठे नाही, हे तपासून कागदावर लिहून ठेवावं. नंतर मुंग्या आल्या तर त्या आजाराच्या की सुईच्या, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

इथे आपल्याकडची एक अडचण बोलून दाखवते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. त्या कायद्यामागचं दुःख खरं आहे आणि त्याची गरज मी मनापासून मानते. मात्र त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंद जागेसह होते, आणि ते नोंदलेल्या जागेबाहेर सहजासहजी नेता येत नाही. तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एकाच रुग्णालयात बसून नसतो. सकाळी इथे, दुपारी तिथे, आपली बॅग घेऊन तो फिरत असतो. त्या बॅगेत तो नसा पाहण्याचं छोटं सोनोग्राफी यंत्र ठेवू शकत नाही, आणि प्रत्येक लहान रुग्णालयाने शस्त्रक्रियागृहासाठी वेगळं यंत्र घेणं परवडत नाही. परिणाम असा की ज्या काकांना ब्लॉक सगळ्यांत जास्त हवा, त्यांच्याच गावात तो मिळत नाही. नसा पाहण्याच्या, पोटावर वापरताच येणार नाहीत अशा यंत्रांसाठी कायद्यात वेगळी, काटेकोर देखरेखीची वाट काढता आली पाहिजे. हे काम डॉक्टरांच्या संघटनांनी आणि शासनाने एकत्र बसून करण्यासारखं आहे.

ब्लॉकची स्तुती केली, आता त्याची मर्यादा तितक्याच स्पष्टपणे सांगते. जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत बायपास करायचा असेल तर ब्लॉक अपुरा पडतो. जांघेची त्वचा एका नसेच्या ताब्यात नाही. तिथे पोटाच्या भिंतीतून उतरणाऱ्या नसा येतात, जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसेची फांदी येते, आणि मांडीच्या बाहेरची, आतली, मागची बाजू प्रत्येकी वेगळ्या नसेकडे असते. सगळ्यांना गाठायचं तर सुया वाढतात आणि औषधही वाढतं. औषधाला मात्र कमाल मर्यादा आहे. ब्युपिव्हकेन किलोमागे दोन ते अडीच मिलिग्रॅम धरलं, तर साठ किलोच्या माणसाला अर्धा टक्क्याचं औषध चोवीस ते तीस मिलिलिटरपलीकडे देता येत नाही. ते पातळ करून पुरवावं लागतं. मर्यादा ओलांडली, किंवा औषध थेट रक्तात गेलं, तर झटके येतात, हृदय थांबू शकतं. गाय वाइनबर्ग यांनी १९९८ साली शिकागोत उंदरांवर दाखवलं की शिरेतून स्निग्ध द्रावण दिलं तर अशा हृदयाला वाचवण्याची शक्यता वाढते, आणि २००६ साली त्याने माणूस वाचल्याची पहिली नोंद झाली. ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक खोलीत या स्निग्ध द्रावणाची, म्हणजे वीस टक्के लिपिडची, बाटली हाताशी असलीच पाहिजे. नसेल तर मोठा ब्लॉक देऊ नये, इतकं माझं मत ठाम आहे.

आणखी एक. जांघेत आधी बायपास झालेला असेल तर तिथे वण असतो, खाली कृत्रिम नळी असते. तिथे फिमोरल ब्लॉकची सुई घालण्यापेक्षा मांडीच्या मधल्या भागात सॅफेनस नस गाठावी. शिवाय ब्लॉकला वेळ लागतो, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. बाहेर चार केसेस थांबलेल्या असताना सर्जन घड्याळाकडे पाहतो. हे त्याने सोसलं पाहिजे. ज्यांच्या स्मरणार्थ आज बोलते आहे ते सर्जन सोसत असत.

मग पुरावा काय सांगतो? पाठीतून भूल विरुद्ध पूर्ण भूल हा सामना बराच खेळला गेला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९३ साली पायाच्या बायपासच्या १०० रुग्णांची तुलना झाली. पूर्ण भूल दिलेल्या ५१ पैकी ११ जणांना बायपास तुंबल्याने पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, पाठीत एपिड्युरल नळी घातलेल्या ४९ पैकी फक्त २ जणांना. वाचून मन हरखतं. पण १९९६ साली बोस्टनहून आलेल्या ४२३ रुग्णांच्या अभ्यासात हृदयाच्या त्रासात आणि मृत्यूत भुलीच्या प्रकारांनी फरक पडला नाही, आणि त्याच रुग्णांच्या बायपासचा पाठपुरावा केला तेव्हा तिथेही फरक दिसला नाही. सगळे चांगले अभ्यास एकत्र करणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात पाठीतल्या भुलीने न्यूमोनिया कमी झाल्याचं तेवढं ठसठशीत दिसलं. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतातल्या जवळपास २१ हजार रुग्णांच्या नोंदी २०२० साली तपासल्या गेल्या, त्यात पाठीतून भूल दिलेल्यांमध्ये महिनाभरातले मृत्यू थोडे कमी होते. बिडी ओढून खराब झालेल्या छातींचा विचार केला तर मला न्यूमोनियाचा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

ब्लॉक आणि स्पायनल यांच्या थेट तुलनेचे अभ्यास मात्र छोटे आहेत. त्यांत रक्तदाब ब्लॉकमध्ये जास्त स्थिर राहतो आणि वेदना उशिरा परतते, हे दिसतं. जीव किती वाचतात हे सांगण्याइतके ते मोठे नाहीत. म्हणून मी तुम्हाला ब्लॉक श्रेष्ठ असं सांगणार नाही. निवड शस्त्रक्रियेच्या जागेवर, रुग्णाच्या हृदयावर आणि त्याच्या गोळ्यांवर ठरते, बहुधा याच्या उलट क्रमाने: गोळ्या आधी, हृदय मग, जागा शेवटी. पायाचं बोट, पाऊल, जखमेची सफाई, गुडघ्याखाली पाय काढणं, इथे ब्लॉक पहिला पर्याय असावा. जांघेतून बायपास आहे, गोळ्या वेळेवर थांबल्या आहेत, हृदय ठीक आहे, तर स्पायनल उत्तम. पण काम दोन-तीन तासांत संपणार नसेल तर एका सुईचं स्पायनल मध्येच उतरेल, तेव्हा सोबत एपिड्युरल नळी हवी. आणि गुठळी अचानक येऊन पाय थंडगार पडला असेल, तर हेपॅरिन आधीच सुरू झालेलं असतं. स्पायनलचा विचारच सोडायचा. फोगार्टी यांनी १९६३ साली फुगा असलेली नळी मांडल्यापासून ही गुठळी जांघेतल्या छोट्या छेदातून ओढून काढता येते, आणि ते पुष्कळदा जागेवर टोचलेल्या भुलीत होतं. तो पाय काही तासांतच हातचा जाऊ शकतो, तिथे भुलीवरून वाद घालायला वेळ नसतो.

पाय काढावा लागलेल्यांबद्दल दोन शब्द. सायटिक नसेजवळ बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवलं, तर पहिल्या दिवसांतली ती भयानक वेदना खूप आटोक्यात येते. नसलेला पाय पुढे दुखत राहतो, तो त्रास यामुळे टळतोच असं ठामपणे म्हणता येत नाही. तरीही पहिले दिवस सुसह्य करणं हे काम स्वतःच पुरेसं मोठं आहे.

शेवटी घरच्या माणसांसाठी. भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा रुग्णाच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नुसतं “रक्ताची गोळी” सांगू नका. शेवटची गोळी किंवा पोटातलं इंजेक्शन कोणत्या दिवशी, किती वाजता झालं ते लिहून न्या. स्टेंट असेल तर त्याचं कार्ड न्या. गोळी कुणाच्या सांगण्याने बंद केली तेही सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः होऊन बंद करू नका. “फक्त पायापुरती भूल देता येईल का?” असं मोकळेपणाने विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा, चांगला डॉक्टर ते सांगेल. ब्लॉक दिल्यावर पाय दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आपला नसतो. त्याला गरम पाण्याची पिशवी लावू नका, त्यावर भार देऊन उभं करू नका, टाच सतत गादीवर टेकू देऊ नका, खाली मऊ उशी ठेवा. बायपासनंतर पाय बधिर आहे म्हणून दुखणार नाही, तेव्हा दुखण्याची वाट न पाहता तासातासाला पाऊल गरम आहे का ते हात लावून पाहा, आणि थंड लागलं किंवा पोटरी दगडासारखी टणक झाली तर रात्रीचे तीन वाजले असले तरी नर्सला उठवा.